भरपाई मिळाली, कॉलेज राहिले



गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना मुलांच्या कॉलेजच्या खर्चाचा विषय निघाला. आपल्याकडे तो निघतोच. एस.ए.टी.चे मार्क, कुठल्या राज्यात फी किती, कर्ज कोणाच्या नावावर काढावे, सगळी चर्चा झाली. तेवढ्यात एका तरुण गृहस्थांनी विचारले, "काका, आणि कमावणाराच कामावर जायबंदी झाला, किंवा गेलाच, तर पोरांच्या कॉलेजचे काय?" रांग एकदम गप्प झाली. मग कोणीतरी "अहो, सणासुदीला असे अभद्र कशाला बोलता" म्हणून विषय बदलला.

मला मात्र त्या प्रश्नाने घरापर्यंत सोडले नाही. कारण आमच्या घरात हाच प्रश्न १९६४ साली पडला होता आणि त्याचे उत्तर माझ्या थोरल्या बहिणीला द्यावे लागले होते. म्हणून हा लेख. थोडे घरचे सांगतो, थोडा इतिहास सांगतो, आणि शेवटी आपल्या सर्वांच्या उपयोगाचे चार मुद्दे मांडतो. अभद्र वाटले तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आम्ही लालबागचे. वडील एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस विंचरून त्याचा पेळू करणारे ते खाते. १९६४ च्या पावसाळ्यात, पहिल्या पाळीला, यंत्रात अडकलेला कापूस काढताना त्यांचा उजवा हात आत ओढला गेला आणि तीन बोटे गेली.

कायद्याचे म्हणाल तर कायदा होता. मुंबईत १९५४ पासून ई.एस.आय. म्हणजे कामगार विमा योजना लागू झाली होती. त्यामुळे दवाखाना झाला, औषधपाणी झाले, घरी बसलेल्या दिवसांचे काही पैसे मिळाले. पुढे मेडिकल बोर्डापुढे हजेरी झाली. कायद्याच्या परिशिष्टात एक तक्ताच असे. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती २० टक्के कमी झाली असे धरायचे, तीन गेली तर ३० टक्के, चार गेली तर ५० टक्के, नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. त्या हिशेबाने वडिलांना दरमहा थोडी रक्कम सुरू झाली. गिरणीने त्यांना गोदामात हलके काम दिले. काम हलके तसा पगारही हलका.

ताई त्याच जूनमध्ये एस.एस.सी. पास झाली होती. आमच्या चाळीत त्या वर्षी तिचे मार्क सर्वांत जास्त. सायन्सला जायचे म्हणून कॉलेजचा फॉर्म आणून भरून ठेवला होता आणि फी भरायची तारीख आठ दिवसांवर होती. ती तारीख आली आणि गेली. कोणी तिला "जाऊ नकोस" असे म्हटले नाही, आणि "जा" असेही म्हटले नाही. गणपतीच्या आधी ती एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. मी तेव्हा सातवीत होतो. पुढे तिच्या पगारावर मी इंजिनिअर झालो आणि १९७७ साली या देशात आलो.

वडिलांवर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. कायद्याने ठरवून दिले होते ते त्यांना मिळाले, आणि त्या काळी अनेकांना तेवढेही मिळत नसे. पण त्या तक्त्यात बोटांचा रकाना होता, डोळ्यांचा होता, पायांचा होता. ताईच्या कॉलेजचा रकाना नव्हता. हा रकाना कायद्यात का नव्हता आणि पुढे तो कोणी व कसा भरला, हा खरा माझा विषय आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. कामावर अपघात झाला तर मालकाने काही द्यावे ही कल्पनाच शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोकांना मान्य नव्हती. १८४२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात फारवेल नावाच्या एका रेल्वे इंजिन चालकाचा खटला गाजला. दुसऱ्या कामगाराने सांधा चुकीचा ठेवला, गाडी रुळावरून घसरली आणि फारवेलने हात गमावला. न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी निकाल दिला की चूक सहकाऱ्याची आहे, कंपनीची नाही, आणि धोक्याच्या कामाचा धोका पगारातच धरलेला असतो. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे अमेरिकेतल्या कोर्टांनी तीन सबबी पक्क्या धरल्या. एक, चूक तुझ्या सोबत्याची. दोन, थोडी का होईना चूक तुझीही. तीन, धोका आहे हे तुला ठाऊक होतेच. या तीन चाळण्यांतून कामगाराच्या हाती क्वचितच काही उरे.

त्याचे घरावर काय परिणाम होतात हे नीट मोजून दाखवले ते क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी. पिट्सबर्गच्या परिसरात, म्हणजे अलेगेनी काउंटीत, जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात कामावर मेलेल्या ५२६ माणसांचा त्यांनी घरोघरी जाऊन तपास केला. पोलाद, कोळसा आणि रेल्वे यांतली ही माणसे, त्यांत बाहेरून आलेले पुष्कळ. मेलेल्या विवाहित पुरुषांपैकी अर्ध्याहून अधिक जणांच्या घरी मालकाकडून १०० डॉलर किंवा त्याहूनही कमी पोचले होते, कित्येकांना तर काहीच नाही. अशा घरात पुढे काय होते ते सांगायला नको. आई लोकांचे कपडे धुते, घरात भाडेकरू ठेवते आणि थोरला मुलगा शाळा सोडतो. बाईंचे पुस्तक १९१० साली निघाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने काही धोक्याच्या उद्योगांसाठी सक्तीच्या भरपाईचा कायदा केला.

२४ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. मालकाची चूक नसताना त्याच्याकडून पैसे घेणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे, असा निकाल. आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीला आग लागली. आठवा, नववा आणि दहावा मजला. एक दार कुलूपबंद. १४६ माणसे गेली, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या, नुकत्याच या देशात आलेल्या तरुण मुली. अनेकींच्या पगारावर घर चालत होते. मालक फौजदारी खटल्यातून सुटले. १९१४ साली दिवाणी दावे मिटले तेव्हा एका जिवामागे ७५ डॉलर ठरले.

ती इमारत आजही उभी आहे, आणि आता ती न्यूयॉर्क विद्यापीठाची आहे. ज्या मजल्यांवर त्या मुली शिलाईच्या यंत्रांवर बसत तिथे आज विद्यार्थी शिकतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतीवर मृतांच्या नावांचे स्मारक लागले. न्यूयॉर्कला जाल तेव्हा मुलांना दाखवून आणावे.

त्या आगीनंतर हवा बदलली. १९११ सालीच विस्कॉन्सिनचा कायदा झाला आणि तो टिकला. न्यूयॉर्कने राज्यघटना दुरुस्त करून कायदा पुन्हा आणला आणि १९१७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. एकेक राज्य करत शेवटी १९४८ साली मिसिसिपीने कायदा केला. या सर्व कायद्यांचे सूत्र एकच. कामगाराने मालकावर दावा लावायचा हक्क सोडायचा आणि मालकाने चूक कोणाची हे न विचारता ठरलेली भरपाई द्यायची. दवाखान्याचा खर्च, पगाराचा साधारण दोन तृतीयांश भाग आणि तोही एका मर्यादेपर्यंत, आणि मृत्यू झाला तर विधवेला व मुलांना ठरावीक रक्कम. इकडे याला वर्कर्स कॉम्पेन्सेशन म्हणतात. बोलताना नुसते "वर्कर्स कॉम्प".

आता आपल्याकडचे पाहू. जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगार अपघात विम्याचा कायदा केला तो जुलै १८८४ मध्ये. जगातला हा पहिला मोठा कायदा म्हणून इतिहासात नोंद आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली होती, हे आपल्यालाही ठाऊक नसते. सभा भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक चळवळीतले, "दीनबंधु"चे संपादक. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी त्यांनी एक अर्ज तयार केला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, कामाचे तास, वेळेवर पगार अशा मागण्या त्यात होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्या लक्षात राहिली, कारण ती १८९० साली मान्य झाली. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना जबर दुखापत होऊन कामगार काही काळ घरी बसला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा पंगू झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य ती तरतूद व्हावी. इंग्लंडमध्ये असा कायदा व्हायला अजून तेरा वर्षे होती, अमेरिकेत सत्तावीस. परळच्या मोकळ्या जागेत जमलेल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या आपल्या लोकांना ते सुचले होते.

लोखंड्यांना ते पाहायला मिळाले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना ते गेले. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. त्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते. त्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती. मृत कामगाराच्या भरपाईची रक्कम कमिशनरकडे जमा व्हायची आणि अज्ञान मुलांचा वाटा तो त्यांच्यासाठी गुंतवू शकत असे. म्हणजे मुलांचे भविष्य असे काही असते, एवढे तरी कायद्याला दिसले होते.

पण इकडे काय किंवा तिकडे काय, कायद्याने विचार केला तो पोटाचा. तो केला त्या काळी गिरणी कामगाराचे किंवा खाणकामगाराचे मूल कॉलेजात जाईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मूल अठरा वर्षांचे झाले की ते कमावते झाले, असे धरून हिशेब बंद. कॉलेजची फी सुरू होते ती मात्र नेमकी त्याच वाढदिवशी. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलांसाठी ही मुदत बावीस किंवा त्याहून पुढे नेली. जॉर्जियात ती बावीस आहे. तरी ती रक्कम घर चालवण्याची. आणि बाप जिवंत आहे पण पाठ मोडून घरी बसला आहे, अशा घरातल्या मुलाच्या नावाने तर बहुधा काही वेगळे मिळतच नाही. पगाराचा एक तृतीयांश गेलेला, आई दवाखान्याच्या खेपा घालते, अशा घरात मूल स्वतःच ठरवते की कॉलेज पुढच्या वर्षी पाहू.

मध्यंतरी वीस वर्षे मात्र सरकारने हा रकाना भरला होता. १९६५ साली सोशल सिक्युरिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ज्यांचे आई किंवा वडील वारले, अपंग झाले किंवा निवृत्त झाले त्यांना शिकत असल्यास बाविसाव्या वर्षापर्यंत दरमहा पैसे मिळू लागले. त्यावर लाखो मुले कॉलेजातून बाहेर पडली. १९८१ साली रेगन सरकारच्या काटकसरीत ही सोय बंद करायचे ठरले आणि १९८५ पर्यंत ती संपली. आजही नियम तोच आहे. पैसे अठराव्या वर्षापर्यंत, आणि हायस्कूल संपायचे असेल तर एकोणिसाव्यापर्यंत.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९८८ साली, जॉर्जिया राज्यात एक नवी गोष्ट झाली. रॉबर्ट क्लायट नावाचे वकील होते. काम वर्कर्स कॉम्पच्या खटल्यांचे. रोज फायली हाताळताना त्यांच्या लक्षात आले की खटला मिटतो, चेक निघतो, फाईल बंद होते, पण त्या घरातल्या मुलांचे शिक्षण कुठल्याच फायलीत नसते. त्यांनी जॉर्जियाच्या वकील संघाच्या याच विभागातल्या मंडळींना बरोबर घेतले आणि "किड्स चान्स" नावाची संस्था सुरू केली. काम एकच. कामावर आई किंवा वडील मेले अथवा गंभीर जायबंदी झाले असतील तर त्यांच्या मुलांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. या खटल्यांत कामगाराचा वकील आणि विमा कंपनीचा वकील एकमेकांसमोर उभे असतात. एक जास्त मागतो, दुसरा कमी देऊ पाहतो. शिष्यवृत्तीच्या समितीत मात्र ते शेजारी बसतात. पुढे त्यांत विमा कंपन्यांची माणसे आली, मालक आले, डॉक्टर आले, नर्सेस आल्या. कल्पना एका राज्यातून दुसऱ्यात गेली आणि आज देशातल्या बहुतेक राज्यांत किड्स चान्सची शाखा आहे. प्रत्येक राज्याची संस्था स्वतंत्र, पैसा देणग्यांचा.

सरकारनेही काही गटांसाठी दारे उघडली. लढाईत कामी आलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी १९५६ सालीच कायदा झाला होता. केंद्र सरकारच्या पोलिसांच्या मुलांसाठी १९९६ साली, आणि १९९८ मध्ये त्यात अग्निशमन दलाचे जवान वगैरे आले. ११ सप्टेंबर २००१ ला जे गेले त्यांतले बहुसंख्य लोक सकाळी कामावर गेलेले होते. त्यांच्या मुलांसाठी बिल क्लिंटन आणि बॉब डोल या एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून १० कोटी डॉलरचा शिष्यवृत्ती निधी उभा केला. २०१८ च्या कायद्याने कर्तव्यावर मेलेल्या पोलीस व अग्निशमन जवानांच्या मुलांना पेल ग्रँटची पूर्ण रक्कम मिळू लागली.

हे सर्व योग्यच आहे. पण २०२३ साली या देशात कामावरच्या दुर्घटनांत ५,२८३ माणसे मेली, म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक रस्त्यावर वगैरे वाहतुकीच्या अपघातांत. त्यांत पोलीस आणि अग्निशमनवाले थोडे. बाकीचे ट्रक चालवणारे, छपरावर चढणारे, शेतात, गोदामात आणि दुकानाच्या गल्ल्यावर उभे असणारे. त्यांच्या मुलांसाठी असा वेगळा राष्ट्रीय कायदा नाही. तिथे किड्स चान्ससारख्या संस्था, काही युनियनचे निधी आणि आपल्यासारखी मंडळे, एवढेच.

आता आपल्या मंडळाचे सांगतो, आणि यात दोष कोणा दुसऱ्याचा नाही, आपलाच आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या परिचयातले एक गृहस्थ गोदामात फोर्कलिफ्टच्या अपघातात गेले. नावे लिहीत नाही, जुन्या सभासदांना ठाऊक आहे. मंडळ त्या वेळी धावून गेले. वर्गणी जमवली, महिनाभर पाळीपाळीने डबे पोचवले, गावाकडून आलेल्या आजोबांना विमानतळावरून आणले. तेराव्यानंतर आपण सर्व आपापल्या उद्योगाला लागलो. वहिनींना भरपाई सुरू झाली. आपल्याला वाटले, झाले. मुलगी तेव्हा अकरावीत होती, मुलगा सातवीत.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सामानासाठी मी एका मोठ्या दुकानात गेलो तर ती मुलगी तिथे गल्ल्यावर. म्हटले, "सुट्टी आहे का ग?" म्हणाली, "नाही काका, आता पूर्ण वेळ इथेच. कॉलेज सध्या नको म्हटले. भावाचे आधी होऊ दे." मी सामान घेऊन गाडीत येऊन बसलो आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. १९६४ साली लालबागला जे झाले ते साठ वर्षे आणि सात समुद्र ओलांडून माझ्यासमोर उभे होते. ताईच्या वेळी मी सातवीतला पोर होतो, काही करू शकत नव्हतो. या वेळी मी मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो.

मग विचारपूस सुरू केली. विमा कंपनीत काम करणाऱ्या आपल्याच एका सभासद ताईंनी किड्स चान्सचे नाव सांगितले. राज्याच्या शाखेला फोन केला. अर्जाला मृत्यूचा दाखला, भरपाई मंजूर झाल्याचा कागद, शाळेचे मार्क आणि मुलीने स्वतःबद्दल लिहिलेले एक पान लागले. भरपाईचा कागद मिळवायला विमा कंपनीकडे पाच वेळा फोन करावे लागले. ते पान लिहायला मुलीला दोन आठवडे लागले, कारण वडिलांविषयी तोपर्यंत ती कोणाशी बोललीच नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली. ती दरवर्षी नव्याने अर्ज करून मिळते आणि सगळा खर्च तिच्यात निघत नाही. उरलेल्याची सोय कॉलेजच्या मदतीतून आणि उन्हाळ्यातल्या कामातून झाली. आज ती नर्स आहे. पण तिची दोन वर्षे गेली. कायद्याचा दोष नव्हता, पैसा नव्हता असेही नाही. आपल्यापैकी कोणाला माहीत नव्हते, एवढेच.

म्हणून खालील मुद्दे. हे पान काढून कागदपत्रांच्या फायलीत ठेवावे.

१. कामावरचा अपघात म्हणजे फक्त कारखान्यातला नव्हे. ऑफिसच्या कामाने गाडी चालवताना, माल पोचवताना, दुकानात दरोडा पडला असताना जे होते तेही बहुधा यातच येते. वर्कर्स कॉम्पचा दावा ठरावीक मुदतीत करावा लागतो. आधी मालकाला लेखी कळवा, दुःख नंतर करा.

२. नोकरी करणारा ग्रीन कार्डवाला आहे की व्हिसावर, यावर साधारणतः भरपाईचा हक्क ठरत नाही. मात्र एच-१ वरचा माणूस गेला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोमुलांच्या व्हिसाचा प्रश्न लगेच उभा राहतो. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. एच-४ वरच्या मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, त्यामुळे खाजगी शिष्यवृत्त्यांच्या अटी विचारणे त्यांच्यासाठी अधिकच गरजेचे.

३. ज्यांचे स्वतःचे दुकान, मोटेल किंवा टॅक्सी आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावे. मालक स्वतः किंवा कंत्राटावर काम करणारा वर्कर्स कॉम्पमध्ये आपोआप धरला जातोच असे नाही. टेक्सासमध्ये तर खाजगी मालकाला हा विमा घेणे सक्तीचेच नाही. आपण कोणत्या बाजूला आहोत हे आजच विचारून घ्या, आणि आपल्याकडे कामाला असलेल्या माणसांचेही.

४. मूल लहान असताना अपघात झाला तरी आशा सोडू नका. किड्स चान्समध्ये लहान मुलांची नावे आधी नोंदवून ठेवता येतात आणि ती कॉलेजच्या वयाला आली की संस्था स्वतः संपर्क साधते. वरच्या गोष्टीतल्या धाकट्या मुलाचे नाव आपण असेच नोंदवले. शिष्यवृत्ती साधारणपणे सोळा ते पंचवीस या वयासाठी असते आणि बहुतेक ठिकाणी चार वर्षांच्या कॉलेजबरोबर धंदेशिक्षणालाही मिळते. प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या आहेत, त्या त्या शाखेकडून विचाराव्यात.

५. वडील किंवा आई जिवंत आहेत पण कायमची जायबंदी आहेत, अशा घरांनीही अर्ज करावा. संकोचाने बहुतेक जण इथेच थांबतात. ही भीक नव्हे. कामावर गेलेल्या माणसाच्या मुलांचे देणे कायद्याने अर्धे ठेवले, ते लोकांनी पूर्ण करायचे ठरवले, इतकेच.

कार्यकारिणीला माझी सूचना अशी की सभासद नोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी आणि अशा प्रसंगी मदत करायला दोन सभासद नेमून ठेवावेत. तेराव्याला डबे पोचवणे आपल्याला जमते. तेराव्यानंतर सहा महिन्यांनी आणि पुन्हा मूल अकरावीत गेल्यावर फोन करणे, हेही कोणाच्या तरी अंगावर असले पाहिजे. दरवर्षी २८ एप्रिलला कामावर मेलेल्यांचा स्मृतिदिन इकडे पाळला जातो. त्या दिवशी ही यादी काढून पाहावी.

ताई निवृत्त झाल्यावर २००५ साली आमच्याकडे आली होती. माझ्या मुलीचा पदवीदान समारंभ होता. उन्हात खुर्च्यांवर दोन तास बसून तिने एकेक नाव पुकारलेले ऐकले, आपल्या भाचीचे आल्यावर टाळ्या वाजवल्या. परत येताना गाडीत तिने विचारले, "हिची फी कोणी भरली?" मी म्हटले, "काही आम्ही, काही कर्ज, काही शिष्यवृत्ती." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोणीतरी भरतंच रे."

माझी तिने भरली. संक्रांतीच्या रांगेत प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुण गृहस्थांना माझे उत्तर एवढेच आहे, आणि त्या दिवशी विषय बदलल्याबद्दल आम्हा थोरल्यांच्या वतीने क्षमा.